चेहरा त्यांचा, जोखीम कुणाची?

वलयांकित व्यक्तींच्या शब्दावर विसंबून माणसे घर घेतात, ठेवी ठेवतात, मुलांना क्लास लावतात. हा विश्वास बाजारात मांडण्याचा त्या व्यक्तींचा हक्क न्यायालयांनी मान्य केला आहे. मात्र तो विश्वास फसला, तर भुर्दंड कुणी सोसायचा, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने अर्धवटच दिले आहे.

३१ ऑगस्ट २०२३ रोजी मुंबईत वांद्रे येथे सचिन तेंडुलकर यांच्या निवासस्थानासमोर एक आगळे आंदोलन झाले. अचलपूरचे तत्कालीन आमदार बच्चू कडू आपल्या कार्यकर्त्यांसह तेथे पोहोचले होते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळाची जाहिरात ‘भारतरत्न’ किताबाच्या मानकऱ्याने करू नये. करायचीच असेल, तर किताब परत करावा, अशी त्यांची मागणी होती. पोलिसांनी आंदोलकांना ताब्यात घेतले, वाहिन्यांवर दिवसभर दृश्ये फिरली आणि नेहमीप्रमाणे दोन दिवसांत विषय मागे पडला.

कायद्याच्या नजरेतून पाहिले, तर त्या दिवशी तेंडुलकर यांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच होते. कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत भारतीय न्यायालये दीर्घकाळ फरक करीत आली आहेत. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच म्हटले होते. मोबाइलवर संघ निवडून खेळल्या जाणाऱ्या ‘फँटसी’ क्रिकेटलाही पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुगाराच्या व्याख्येतून बाहेर ठेवले होते. थोडक्यात, जाहिरातीतील वस्तू तेव्हा कायद्याला मान्य होती.

दोन वर्षांत चित्र पालटले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळले जाणारे सर्व ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, या कायद्याने निषिद्ध ठरवले. त्यांची जाहिरात करणाऱ्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात ठेवण्यात आली. कायद्याला न्यायालयात आव्हान देण्यात आले, हा भाग वेगळा. तथापि, अशा खेळांचा फटका सुमारे ४५ कोटी लोकांना बसला आणि त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा केंद्र सरकारचाच अंदाज होता. ज्यांचे पैसे गेले, त्यांपैकी कितीजणांनी पहिला डाव एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याकडे पाहून मांडला असेल, याची मोजदाद कुठेच नाही. वांद्र्याच्या त्या फाटकासमोर विचारला गेलेला प्रश्न म्हणूनच एका खेळाडूपुरता वा एका जाहिरातीपुरता उरत नाही.

साबणापासून सदनिकेपर्यंत

प्रसिद्ध माणसाने वस्तूची शिफारस करावी, ही प्रथा जुनी आहे आणि तिचा एक धागा थेट मराठी रंगभूमीपर्यंत पोहोचतो. रंगभूमीवरून चित्रपटांत गेलेल्या अभिनेत्री लीला चिटणीस १९४१ मध्ये ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. या साबणाची शिफारस करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय तारका मानल्या जातात. पुढे फारूख इंजिनीअर यांच्या केसांचे क्रीम आले, कपिल देव यांचे दाढीचे क्रीम आले. १९९१ नंतर अर्थव्यवस्था खुली झाली, घराघरांत उपग्रह वाहिन्या पोहोचल्या आणि या व्यवसायाचे रूपच बदलले. १९९५ मध्ये मार्क मस्करेन्हस यांच्या ‘वर्ल्डटेल’ने सचिन तेंडुलकर यांच्याशी केलेल्या कराराची रक्कम ऐकून अनेकांचे डोळे विस्फारले होते. खेळाडू मैदानाबाहेर मैदानापेक्षा अधिक कमावू शकतो, हे त्या कराराने मध्यमवर्गीयांच्या मनावर ठसवले.

या वाटचालीत मानधनाच्या वाढीपेक्षाही महत्त्वाचा बदल वस्तूंच्या स्वरूपात झाला. साबण आवडला नाही, तर पुढच्या महिन्याच्या वाणसामानात दुसरा येतो. नुकसान एका वडीपुरते. सदनिका, मुदत ठेव, आरोग्य पेय, स्पर्धा परीक्षेचा क्लास किंवा पैसे लावायचा खेळ यांचे तसे नसते. तेथे चूक उमगेपर्यंत वर्षे निघून जातात आणि आयुष्याची पुंजी गेलेली असते. शिफारस करण्याची रीत मात्र साबणाचीच राहिली. तेच स्मित, तोच अर्ध्या मिनिटाचा अवकाश आणि तीच खात्रीची भाषा.

याचे सर्वांत ठळक उदाहरण दिल्लीजवळच्या नोएडा परिसरातील ‘आम्रपाली’ समूहाचे. महेंद्रसिंग धोनी हे २००९ पासून या बांधकाम समूहाचे सदिच्छादूत होते. रखडलेल्या प्रकल्पांतील रहिवाशांनी समाजमाध्यमांवरून थेट धोनी यांनाच जाब विचारण्यास सुरुवात केली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी ते पद सोडले. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समूहाची नोंदणी रद्द करून अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम सरकारी मालकीच्या एनबीसीसी या कंपनीकडे सोपवले. ४२ हजारांहून अधिक कुटुंबांच्या घराचा हा प्रश्न होता. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता अशा दुहेरी चरकात ही कुटुंबे वर्षानुवर्षे पिळून निघाली. स्वतः धोनी यांनाही थकीत मानधनासाठी आणि नोंदवलेल्या सदनिकेसाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. ज्याने विश्वास विकला, त्यालाही वस्तूची खरी अवस्था ठाऊक नव्हती, असा याचा अर्थ होतो. सामान्य ग्राहकाने मग कशाच्या आधारावर निर्णय घ्यायचा?

पश्चिम बंगालमधील ‘शारदा’ चिट फंडाचा डोलारा एप्रिल २०१३ मध्ये कोसळला, तेव्हा खेडोपाडीच्या लाखो लहान ठेवीदारांचे पैसे अडकले. या समूहाचे सदिच्छादूत असलेले अभिनेते मिथुन चक्रवर्ती यांनी जून २०१५ मध्ये आपल्याला मिळालेले सुमारे एक कोटी १९ लाख रुपये सक्तवसुली संचालनालयाकडे परत केले. मानधन परत करण्याची अशी उदाहरणे आपल्याकडे विरळाच आहेत.

विश्वासाचा व्यवहार

सुशिक्षित माणसेही अशा जाहिरातींना का भुलतात, असा प्रश्न अनेकदा कुत्सितपणे विचारला जातो. त्याचे उत्तर भोळेपणात शोधणे अन्यायाचे ठरेल. बाजारात वस्तूंची गर्दी आहे आणि प्रत्येक वस्तू तपासून घेण्याइतका वेळ, ज्ञान व साधने ग्राहकापाशी नाहीत. बिल्डरचा ताळेबंद तो वाचू शकत नाही, ठेवी गोळा करणाऱ्या कंपनीच्या हिशेबवह्या त्याला दिसत नाहीत. अशा वेळी तो ओळखीचा आधार शोधतो. पूर्वी हा आधार गावातील वाणी, आळीतील डॉक्टर किंवा नात्यातील जाणता माणूस देत असे. त्यांचा सल्ला चुकला, तर दुसऱ्या दिवशी त्यांना गाठता येई. पडद्यावरचा चेहरा वीस वर्षे रोज घरात येतो, म्हणून तोही घरातलाच वाटू लागतो. फरक इतकाच, की सल्ला चुकल्यावर त्याला गाठता येत नाही.

जाहिरात करणाऱ्याच्या बाजूने हा व्यवहार अगदी वेगळा दिसतो. वर्षातले ठरावीक दिवस चित्रीकरण, काही कार्यक्रमांना उपस्थिती, समाजमाध्यमांवर काही मजकूर, असा त्याचा करार असतो. वस्तूत दोष निघाल्यास होणारा कायदेशीर खर्च कंपनीने सोसावा, असे कलमही अशा करारांत घातले जाते. म्हणजे पैसा निश्चित आणि धोका दुसऱ्याच्या खांद्यावर. शिवाय या मानधनाचा भार अखेर वस्तूच्या किमतीत चढतो. आपल्याला पटवण्यासाठी झालेला खर्च ग्राहक स्वतःच्याच खिशातून भरतो.

हे केवळ मुंबईच्या चित्रनगरीपुरते राहिलेले नाही. तालुक्याच्या गावी सराफी पेढीचे उद्घाटन असो वा गृहप्रकल्पाचे भूमिपूजन, दैनंदिन मालिकेतील नायिकेला बोलावल्याशिवाय सोहळा पुरा होत नाही. अशा हजेरीला व्यवसायात ‘सुपारी’ म्हणतात आणि तिचे दर मालिकेच्या लोकप्रियतेनुसार चढतात, उतरतात. ठाण्या-मुंबईच्या दहीहंडीत थरांइतकीच गर्दी मंचावरच्या ताऱ्यांसाठी होते आणि त्या मंचामागच्या फलकावर आयोजक नेत्याचे छायाचित्र ताऱ्याहून मोठे असते. वलय उसने घेण्याची ही कला व्यापाऱ्यांप्रमाणेच राजकारण्यांनीही आत्मसात केली आहे.

पुण्याच्या सदाशिव पेठेत आणि आसपासच्या रस्त्यांवर आणखी एक प्रकार पाहायला मिळतो. तेथे तारे चित्रपटातले नसतात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत चमकलेल्या उमेदवारांची छायाचित्रे क्लासच्या फलकांवर झळकत असतात. एकाच यशस्वी उमेदवारावर अनेक क्लासनी हक्क सांगावा, आणि त्याने प्रत्यक्षात एखाद्या ठिकाणी केवळ मुलाखतीचे मार्गदर्शन घेतलेले असावे, ही तक्रार देशभरातून येऊ लागली. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने क्लासच्या जाहिरातींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. निवड झाल्यानंतर उमेदवाराची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव वा छायाचित्र वापरण्यास त्यात मनाई आहे. तोवर प्राधिकरणाने ४५ नोटिसा बजावल्या होत्या आणि १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपयांचा दंड केला होता. शेत गहाण टाकून मुलाला पुण्यात ठेवणाऱ्या बापाचा निर्णय अशा फलकावरही ठरत असतो, हे ध्यानात घेतले, म्हणजे या दंडामागचे गांभीर्य कळते.

मॅगीच्या निमित्ताने

जाहिरातदाराबरोबर शिफारस करणाऱ्यालाही जबाबदार धरावे, हा विचार देशभर गाजला तो २०१५ मध्ये, मॅगी नूडल्सच्या वादात. मर्यादेबाहेर शिसे आढळल्याच्या अहवालांनंतर बिहारमधील मुझफ्फरपूरच्या न्यायालयाने अमिताभ बच्चन, माधुरी दीक्षित आणि प्रीती झिंटा यांच्याविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचे आदेश दिले. पाठोपाठ ५ जून रोजी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने या उत्पादनावर बंदी घातली.

पुढे घडलेला भागही तितकाच महत्त्वाचा आहे. १३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरवली. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचे पालन झाले नसल्याचे सांगत न्यायालयाने मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्यास सांगितले. त्यात शिशाचे प्रमाण मर्यादेत आढळले आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी पुन्हा दुकानांत आली. सरकारी यंत्रणा आणि प्रयोगशाळा यांच्यातच जेथे एकमत नाही, तेथे एका अभिनेत्रीने पाकिटातील शिसे कसे मोजावे, हा कलावंतांचा सवाल त्यामुळे अगदीच गैरलागू ठरत नाही. जबाबदारीचा कायदा करताना ही अडचण लक्षात घेणे भागच होते.

नव्या ग्राहक संरक्षण विधेयकाची छाननी करणाऱ्या संसदीय स्थायी समितीने एप्रिल २०१६ मध्ये कठोर शिफारस केली. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सहभागी झालेल्या नामवंतास पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद आणि पुन्हा तसेच केल्यास ५० लाख व पाच वर्षांपर्यंत कैद, असे तिचे म्हणणे होते. २०१९ मध्ये प्रत्यक्षात कायदा झाला, तेव्हा शिफारस करणाऱ्यांपुरती कैद त्यातून वगळण्यात आली होती. दंडाची रक्कम दहा आणि ५० लाख अशीच राहिली. त्याखेरीज पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत व नंतर तीन वर्षांपर्यंत जाहिराती करण्यास मनाई करण्याचा अधिकार प्राधिकरणाला मिळाला. वस्तूविषयीच्या दाव्यांची शिफारस करणाऱ्याने योग्य ती खातरजमा केली असेल, तर त्याला दंडातून सूट आहे. जुलै २०२० पासून हा कायदा अमलात आला. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आडवाटेच्या जाहिरातींना मनाई केली आणि कंपनीशी असलेले आर्थिक संबंध उघड करण्याचे बंधन घातले. मे २०२४ मध्ये ‘पतंजली’ प्रकरणाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानेही नामवंत आणि समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्ती फसव्या जाहिरातींसाठी सारख्याच जबाबदार असल्याचे बजावले.

कागदावर हे सारे समाधानकारक दिसते. व्यवहारात मात्र खातरजमेची अट किती हलकेपणाने घेतली जाते, हे जाहिरात व्यवसायाच्या स्वतःच्याच आकड्यांवरून कळते. भारतीय जाहिरात मानक परिषद ही जाहिरातदारांनी १९८५ मध्ये स्थापन केलेली स्वयंनियमन संस्था. तिच्या २०२२-२३ च्या अहवालानुसार, नामवंतांचा समावेश असलेल्या व आक्षेप घेण्यात आलेल्या जाहिरातींची संख्या एका वर्षात ५५ वरून ५०३ वर गेली. त्यांतील ९७ टक्के प्रकरणांत संबंधित नामवंतांना खातरजमा केल्याचा कोणताही पुरावा देता आला नाही. प्रयोगशाळेचा अहवाल कळत नाही, हे मान्य. पण तो मागितलाच नाही, याचे समर्थन करता येणार नाही. आणि एका जाहिरातीसाठी कोट्यवधी रुपये घेणाऱ्याला दहा लाखांचा दंड म्हणजे धंद्यातला एक किरकोळ खर्च ठरतो.

विवेकाची सीमा

कायदा अपुरा असताना आधार उरतो तो ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाचा. त्याचीही उदाहरणे आहेत आणि ती आदराने नोंदवली पाहिजेत. मार्च २००१ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन स्पर्धा जिंकून आलेले पुल्लेला गोपीचंद यांनी शीतपेयाची जाहिरात नाकारली. जे आपण स्वतः पीत नाही, ते इतरांना प्या म्हणून सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. अमिताभ बच्चन यांनी २०१४ मध्ये एक आठवण सांगितली होती. आमच्या बाई ज्याला विष म्हणतात, त्याची जाहिरात तुम्ही का करता, असे जयपूरमधील एका शाळकरी मुलीने त्यांना विचारले आणि त्यानंतर शीतपेयाची जाहिरात त्यांनी थांबवली. खुद्द तेंडुलकर यांनी तंबाखू आणि मद्याची जाहिरात करायची नाही, हा वडिलांना दिलेला शब्द आयुष्यभर पाळला. त्यांचे वडील रमेश तेंडुलकर मराठीतील कवी आणि प्राध्यापक. १९९६ च्या विश्वचषकात आपली बॅट जाहिरातीच्या चिकटपट्टीविना कोरी राहिल्याचे तेंडुलकर यांनी पुढे सांगितले आहे.

वांद्र्यातील आंदोलन याच पार्श्वभूमीवर अधिक बोलके ठरते. तंबाखूच्या बाबतीत इतकी स्पष्ट रेघ ओढणाऱ्या माणसालाही ऑनलाइन खेळ त्या रेघेच्या अलीकडचे वाटले. यात लबाडी शोधण्याचे कारण नाही. प्रत्येकाचा विवेक आपल्या काळातल्या, आपल्या घरातल्या संस्कारांवर घडतो आणि नव्या धोक्यांची ओळख त्याला उशिरा पटते. म्हणूनच केवळ व्यक्तीच्या सद्बुद्धीवर विसंबून समाजाचे संरक्षण होऊ शकत नाही.

पानमसाल्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावरच बंदी घातली. तरीही त्याच नावाची, त्याच रंगसंगतीची वेलची मोठमोठे अभिनेते विकत राहिले. वेलचीसाठी एवढा खर्च कुणी करीत नाही, हे शाळकरी मुलालाही कळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये अमिताभ बच्चन यांनी अशा एका कंपनीशी असलेला करार सोडून मानधन परत केले. ही आडवाटेची जाहिरात आहे, याची करार करताना कल्पना नव्हती, असा खुलासा त्यांच्या वतीने करण्यात आला. एप्रिल २०२२ मध्ये अक्षयकुमार यांनी चाहत्यांची माफी मागून अशाच एका जाहिरातीतून अंग काढून घेतले आणि मानधन चांगल्या कामासाठी देण्याचे जाहीर केले. मात्र कराराची मुदत संपेपर्यंत कंपनी ती जाहिरात दाखवू शकेल, हेही त्याच निवेदनात नमूद होते. पश्चात्ताप झाला, तरी चेहरा परत घेता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेतात आणि त्यांतील बहुसंख्य ती खातात. या आकड्यापुढे माफीनाम्याचे मोल ज्याने त्याने ठरवावे.

व्यक्ती चुकतात, तशा संस्थाही चुकतात. भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर गेल्या पाव शतकात झळकलेली नावे पाहिली, तर हे सहज लक्षात येते. सुमारे बारा वर्षे त्यावर ‘सहारा’ हे नाव होते. याच समूहाच्या दोन कंपन्यांना गुंतवणूकदारांचे सुमारे २४ हजार कोटी रुपये व्याजासह परत करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये दिला. २०१९ मध्ये ‘बायजूज’चे नाव आले. जुलै २०२४ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, तीही थकबाकीपोटी क्रिकेट मंडळानेच केलेल्या अर्जावरून. २०२३ मध्ये ‘ड्रीम ११’ आले आणि २०२५ च्या कायद्यानंतर गेले. त्या सप्टेंबरात आशिया चषकात भारतीय संघ प्रायोजकाच्या नावाविना मैदानात उतरला. घाम गाळून मिळवलेली पुण्याई कुणाला भाड्याने द्यावी, याचा निकष बोली किती मोठी एवढाच असला, की असे घडते.

चेहरा हीच मालमत्ता

आता या व्यवहाराला आणखी एक पदर जोडला गेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये तेंडुलकर यांनी स्वतःच एक बनावट चित्रफीत लोकांसमोर आणली. कृत्रिम बुद्धिमत्तेने त्यांचा चेहरा आणि आवाज वापरून एका खेळाच्या ॲपची शिफारस तयार करण्यात आली होती. त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली, पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. त्यांचा संताप सर्वस्वी रास्त होता. तथापि, ही बनावट चित्रफीत लोकांना खरी वाटू शकली, याचे एक कारण असे, की खऱ्या जाहिरातीतही त्यांनी अशाच एका ॲपची शिफारस करताना लोकांनी त्यांना पाहिले होते.

दरम्यान, नामवंतांनी आपल्या प्रतिमेच्या संरक्षणासाठी न्यायालयात धाव घेण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, आवाज आणि छायाचित्र परवानगीशिवाय वापरण्यास मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांना आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांना असेच संरक्षण दिले. प्रसिद्ध व्यक्तीचा आवाज, चेहरा, लकब यांना आर्थिक मूल्य आहे आणि त्याचा लाभ घेण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे, हे तत्त्व या आदेशांनी पक्के केले. ते योग्यच आहे. आयुष्यभराच्या तपश्चर्येतून आलेला आवाज कुणीही यंत्रात घालून विकावा, हे कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारे नाही.

पण चेहरा ही मालमत्ता असल्याचे एकदा मान्य केले, की मालमत्तेबरोबर येणारे दायित्वही मान्य करावे लागते. घरमालकाला भाडे मिळते, तसे आपल्या जागेत काय चालते, याकडे लक्ष ठेवण्याचे कर्तव्यही त्याच्यावर येते. नामवंतांच्या बाबतीत हक्काची बाजू न्यायालयांनी काही वर्षांत भक्कम केली. कर्तव्याची बाजू मात्र दहा लाखांच्या दंडापाशी अडखळली आहे.

वलयाचे वजन

याचा अर्थ प्रसिद्धी हीच अनिष्ट, असा मुळीच नव्हे. पोलिओची लस घरोघरी पोहोचवताना अमिताभ बच्चन यांचे दूरचित्रवाणीवरील आवाहन किती उपयोगी पडले, हे त्या मोहिमेत काम करणाऱ्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. जानेवारी २०११ मध्ये हावड्यात देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे २०१५ मध्ये मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या दारात गेले, त्यातून ‘नाम फाउंडेशन’ उभे राहिले. आमिर खान यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘पानी फाउंडेशन’च्या जलसंधारण स्पर्धेत २०१६ मध्ये तीन, २०१७ मध्ये ३० आणि २०१८ मध्ये ७५ तालुके उतरले. गावकऱ्यांनी हातात कुदळ घेतली, त्यामागे त्यांची स्वतःची तहान होतीच. पण पहिल्या सभेला माणसे जमली, ती चेहरा ओळखीचा होता म्हणून.

लोकांचा विश्वास हे असे खरे भांडवल आहे. ते पोलिओच्या बूथवर कामाला येते आणि वेलचीच्या पुडीवरही. दोन्ही ठिकाणी ते तितक्याच जोराने चालते, हीच चिंतेची बाब आहे.

उपाय अवघड नाहीत. घर, ठेव, आरोग्य आणि शिक्षण यांसारख्या, एका चुकीने माणूस उद्ध्वस्त होऊ शकेल अशा क्षेत्रांत शिफारस करण्यापूर्वी केलेली खातरजमा लेखी स्वरूपात नोंदवून ठेवण्याची सक्ती करता येईल. दंड ठरावीक आकड्याऐवजी मिळालेल्या मानधनाच्या प्रमाणात ठरवता येईल. वस्तू फसवी असल्याचे सिद्ध झाल्यास मानधन फसवल्या गेलेल्यांच्या निधीत जमा करणे बंधनकारक करता येईल. म्हणजे जे मिथुन चक्रवर्ती यांच्या बाबतीत तपासाच्या ओघात घडले, तो नियम होईल. करार सोडल्यानंतरही जाहिरात दाखवत राहण्याची मुभा देणारी कलमे अशा वस्तूंपुरती अवैध ठरवणेही शक्य आहे. प्रामाणिक कलावंताला याची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट, कागदपत्रे दाखवा, एरवी मला कायदा आडवा येतो, असे कंपनीला सांगण्याचे बळ त्याला त्यातून मिळेल.

ग्राहकाच्या वाट्याचे कामही आहेच. महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीला पाच दशकांची परंपरा आहे आणि सजग ग्राहक हाच तिचा पाया राहिला आहे. गृहप्रकल्पाची नोंदणी ‘महारेरा’च्या संकेतस्थळावर पाहता येते. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत त्यासाठीचा क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याची नोंद ‘सेबी’कडे आहे का, हे तपासायला पाच मिनिटे पुरतात. जाहिरातीतला हसरा चेहरा ही माहिती देत नाही. ती कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत असते.

मात्र बारीक अक्षरे वाचण्याचा उपदेश ग्राहकाला करून बाकीच्यांनी मोकळे व्हावे, हे न्यायाचे होणार नाही. कर्ज काढून घर घेणारा लिपिक, मुलाला क्लासला पाठवणारा शेतकरी आणि पगाराच्या दिवशी मोबाइलवर डाव लावणारा तरुण कामगार यांनी आपली जोखीम पुरेपूर उचललेली असते. त्यांच्याच विश्वासाच्या बळावर ज्यांचा भाव वाढतो, त्यांनी जोखमीतला आपला वाटा उचलावा, एवढेच मागणे आहे. वांद्र्यातील त्या आंदोलकांची भाषा कुणाला पटली असेल, कुणाला नसेल. किताब परत करण्याची मागणी अतिरेकीही होती. पण दाद कुणाकडे मागायची, हे ठाऊक नसलेला माणूस अखेर जाहिरातीतल्या चेहऱ्याच्याच दाराशी जाऊन उभा राहतो. तेथे त्याला पोलिसांच्या गाडीऐवजी कायद्याचे उत्तर मिळावे, याची तजवीज संसदेने आणि जाहिरातविश्वाने करायची आहे.